उबुंटूचं अपग्रेड अर्ध्यात लटकलंय? आधी पॉवर बटणावरचा हात काढा

२२.०४ वरून २४.०४ ला जाताना मध्येच लाइट गेली, वायफाय तुटलं, किंवा स्क्रीनवर काहीतरी एरर येऊन सगळं ठप्प झालं की बहुतेक जण पहिलं काम करतात ते पॉवर बटण दाबून धरायचं. ते करू नका. मशीन चालू आहे तोवर तुमच्याकडे चालू कर्नल (सिस्टिमचा गाभा) आहे, चालू नेट आहे, टर्मिनल आहे. एकदा बंद केलं की यातलं परत काय येईल काही सांगता येत नाही, आणि जे काम दहा मिनिटांत झालं असतं त्यासाठी मग पेनड्राइव्ह शोधत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट आत्ताच डोक्यात फिट करून घ्या. अर्धवट अपग्रेडमधून मागे येता येत नाही, पुढेच जायचं असतं. २२.०४ मध्ये जीलिबसी (जवळजवळ सगळे प्रोग्राम जिच्यावर उभे असतात ती लायब्ररी) २.३५ आहे आणि २४.०४ मध्ये २.३९, ही लायब्ररी एकदा नवी बसली की तिच्यावर बिल्ड झालेली नवी पॅकेजं जुन्यावर चालत नाहीत आणि ॲप्टला (उबुंटूच्या पॅकेज मॅनेजरला) उलट्या दिशेने एवढी उडी मारता येत नाही. त्यामुळे 'परत २२.०४ करून टाकतो' म्हणून सोर्सेसमध्ये (पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत) जुनी नावं घालायच्या भानगडीत पडू नका, त्यातून जे तयार होतं ते ना धड जुनं ना धड नवं. अपवाद एकच, तुम्ही आधी टाइमशिफ्टचा (सिस्टिमची प्रत ठेवणाऱ्या प्रोग्रामचा) स्नॅपशॉट काढून ठेवला असेल तर खुशाल लाइव्ह यूएसबीवरून (उबुंटू चालू करता येणाऱ्या पेनड्राइव्हवरून) तो रिस्टोर करा आणि हे पुढचं वाचूच नका. बाकीच्यांनी वाचा.

कमांड मी फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप अर्थातच इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, डॅश आणि स्लॅश दिसतात तसेच.

खरंच मोडलंय का ते आधी बघा

बऱ्याच केसेसमध्ये अपग्रेड मेलेलं नसतं, तुमच्या उत्तराची वाट बघत बसलेलं असतं. ग्राफिकल अपग्रेडरमध्ये खाली एक बारीक बाण असतो, तो उघडला की आतलं टर्मिनल दिसतं आणि तिथे एखादी कॉन्फिग फाइल जुनी ठेवू का नवी घेऊ असा प्रश्न तासभर पडून असतो. काय उत्तर द्यायचं कळत नसेल तर एन दाबा, तुमची फाइल राहते आणि नवी बाजूला .डीपीकेजी-डिस्ट नावाने ठेवली जाते, नंतर निवांत बघता येते. सर्व्हरवर तर कुठल्या सर्व्हिसेस रीस्टार्ट करू असं विचारणारा जांभळा डबा येतो, तो टॅब आणि एंटरने पार करायचा.

प्रश्न दिसत नसेल तर दुसरं टर्मिनल उघडून हे चालवा:

सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड/ॲप्ट-टर्म.लॉग

ओळी सरकत असतील तर काही करू नका, चहा घ्या. जुन्या हार्डडिस्कवर एकेका पॅकेजला मिनिट-मिनिट लागतं. सरकत नसतील तर पीएस एयूएक्स मारून त्यात डीपीकेजी (प्रत्यक्ष पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) किंवा ॲप्ट दिसतंय का बघा.

एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून) अपग्रेड करताना नेट तुटलं असेल तर अजिबात घाबरायचं कारण नाही, कारण डू-रिलीज-अपग्रेड (टर्मिनलवरचा अपग्रेडर) स्वतःला स्क्रीन नावाच्या प्रोग्रामच्या आत चालवतं. परत लॉगिन करून सुडो स्क्रीन -डी -आर दिलं की जिथे सोडलं होतं तिथेच हजर. नेहमीचा एसएसएच घेत नसेल तर १०२२ पोर्ट ट्राय करा, अपग्रेडर एसएसएचवरून चालवला की सुरुवातीलाच अशा वेळेसाठी एक जादा एसएसएच तिथे चालू करून ठेवतो, फक्त तुमच्या फायरवॉलने तो अडवलेला नसला पाहिजे.

आणि हे पण बघा की ते अडकलं कुठल्या टप्प्यावर. 'कुड नॉट कॅल्क्युलेट द अपग्रेड' असं म्हणून थांबलं असेल तर तुमचं काहीही बिघडलेलं नाही, पॅकेज बसवायला सुरुवातच झालेली नाही, अपग्रेडरने सोर्सेस पण परत जुने केलेले असतात. बाहेरचे पीपीए (दुसऱ्यांनी चालवलेले पॅकेजांचे साठे) आणि हाताने टाकलेली डेब पॅकेजं काढा आणि पुन्हा चालवा. कधीकधी चूक आपली नसतेच, २४.०४.१ ऑगस्ट २०२४ च्या शेवटी आलं तेव्हा अपग्रेडरमध्येच गडबड निघाली म्हणून २२.०४ वाल्यांचं अपग्रेड काही दिवस थांबवून ठेवलं होतं. डाउनलोड होताना तुटलं असेल तरी तेच, मोडलेलं काही नाही. खरी बोंब होते ती पॅकेजं उलगडत आणि कॉन्फिगर होत असताना मध्येच तुटलं की.

एक फसवी गोष्ट: सिस्टिम २४.०४ झाली का बघायला लोक ओएस-रिलीज फाइल उघडतात. ती फाइल बेस-फाइल्स नावाच्या एका पॅकेजमधून येते, ते पॅकेज बसलं की फाइल २४.०४ म्हणायला लागते, भले मागे शेकडो पॅकेजं जुनी लटकलेली असोत. तिच्यावर विश्वास ठेवू नका. डीपीकेजी --ऑडिट चालवा, त्यात जी नावं येतील ती अर्धवट आहेत.

लॉक फाइल उडवू नका

'कुड नॉट गेट लॉक /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड' हा मेसेज आला की इंटरनेटवरचा पहिला सल्ला असतो ती फाइल आरएम करून (उडवून) टाका. चुकीचा सल्ला आहे आणि वर्षानुवर्षं फिरतोय. लॉक हे त्या फाइलच्या असण्यात नसतं, चालू प्रोसेसने ती धरून ठेवण्यात असतं, प्रोसेस मेली की लॉक आपोआप सुटतं. म्हणजे मेसेज येतोय याचा अर्थ कोणीतरी अजून जिवंत आहे, आणि फाइल उडवून दुसरं ॲप्ट चालवलं तर दोघं मिळून एकाच डेटाबेसमध्ये लिहायला लागतात. मेसेजमध्येच प्रोसेसचा नंबर दिलेला असतो, ती काय करतेय बघा, थांबा, अगदीच मेल्यात जमा असेल तर साधा किल द्या, लगेच किल -९ (जबरदस्तीने मारणं) नको.

आता जागा बघा

डीएफ -एच मारा आणि रूट (यादीत नुसता / दिसतो तो) आणि /बूट या दोन ओळींवर नजर टाका. ज्यांनी इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली होती त्यांचं /बूट वेगळं पार्टिशन असतं आणि जुन्या इन्स्टॉलमध्ये ते छोटंसं असतं, तिथे दोन-तीन कर्नल आणि त्यांच्या इनिट्रॅम एफएस फाइली (बूटच्या सुरुवातीला कर्नलला लागणाऱ्या, एकेक सहज शंभर एमबीच्या घरात) साठल्या की नव्या कर्नलला जागाच उरत नाही. मग 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', मग इनिट्रॅम एफएस अर्धवट, आणि या अवस्थेत रीबूट केलं की 'अनएबल टू माउंट रूट एफएस' म्हणून पॅनिक. लोक म्हणतात उबुंटूने वाट लावली, पण भानगड एवढीच असते की /बूट भरलंय.

एरवी जुने कर्नल ॲप्टनेच काढावेत, पण इथे ॲप्ट स्वतःच अडकलेलं असतं, त्यामुळे हा एक प्रसंग असा की हाताने फाइल काढावी लागते. आधी यूनेम -आर करून चालू कर्नल कोणता ते कागदावर लिहा. त्याच्या फाइलला हात लावायचा नाही. मग /बूटमधली सगळ्यात जुनी इनिटआरडी.आयएमजी फाइल (हीच ती इनिट्रॅम एफएस फाइल, पण चालू नसलेल्या कर्नलची) बाहेरच्या डिस्कवर हलवा. जागा झाली की पुढचं सुरू करा, आणि सगळं पार पडल्यावर सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज, म्हणजे त्या जुन्या कर्नलचे बाकीचे अवशेष नीट रस्त्याने जातात.

पुढे ढकलणं

कामाचा गाभा हाच. सुरू करायच्या आधी /होमची कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या, नंतर नाही, आत्ता. लॅपटॉप चार्जिंगला लावा, आणि वायफाय गेलं असेल तर मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, ते बहुतेक वेळा काहीही सेटिंग न करता चालतं.

मग सोर्सेस तपासा. /ईटीसी/ॲप्टच्या आत जॅमी आणि नोबल ही दोन्ही नावं ग्रेपने शोधा. जॅमी म्हणजे २२.०४, नोबल म्हणजे २४.०४. पॅकेजं बसायला सुरुवात झालेली असेल तर उबुंटूचे सगळे सोर्सेस नोबलच हवेत, अर्धे इकडचे अर्धे तिकडचे चालत नाही. २४.०४ मध्ये जुनी सोर्सेस.लिस्ट जवळजवळ रिकामी असते आणि खरी माहिती सोर्सेस.लिस्ट.डी मधल्या उबुंटू.सोर्सेस या फाइलमध्ये असते, फॉरमॅट पण वेगळा आहे, तेव्हा रिकामी फाइल बघून दचकू नका. बाहेरचे सगळे रेपो (पॅकेजांचे साठे) सध्या बंद, ब्राउझरचा असो, डॉकरचा असो, कोणाचाही.

आता या क्रमाने:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड

एका फेरीत होईलच असं नाही. पहिली कमांड काही पॅकेजांवर अडते, तिसरी त्यांच्या डिपेंडन्सी (त्यांना लागणारी दुसरी पॅकेजं) आणते, मग पहिली परत चालवली की आधी अडलेली सुटतात. प्रत्येक फेरीत एररची यादी छोटी होत असेल तर तुम्ही बरोबर चाललाय, तीच यादी जशीच्या तशी परत येत असेल तर मात्र फेऱ्या मारणं थांबवा आणि यादीतलं पहिलं नाव पकडा, खालची बहुतेक नावं त्या एकामुळेच अडलेली असतात.

फुल-अपग्रेड काय काय काढणार त्याची यादी दाखवतं, ती वाचल्याशिवाय वाय दाबायचं नाही. जुन्या लायब्ररी जाऊन त्याच नावाला शेवटी टी६४ लागलेल्या नव्या येताना दिसतील, लिबएसएसएल३ च्या जागी लिबएसएसएल३टी६४ वगैरे, ते बरोबर आहे, २०३८ सालचा वेळेचा घोळ टाळायला २४.०४ मध्ये हा मोठा बदल केला गेला आणि त्यामुळेच या अपग्रेडमध्ये एवढी पॅकेजं एकदम हलतात. पण काढायच्या यादीत उबुंटू-डेस्कटॉप, उबुंटू-मिनिमल किंवा नेटवर्क-मॅनेजर दिसलं तर एन दाबा. कुठलंतरी बाहेरचं पॅकेज वाटेत आडवं बसलंय. ते शोधायला

ॲप्ट लिस्ट '~ओ'

याने जी पॅकेजं आता कुठल्याच रेपोमध्ये नाहीत त्यांची यादी मिळते. त्यातलं पीपीएवालं जे काही आहे ते पर्ज करा (सेटिंगसकट काढा), नंतर परत टाकता येतं.

एकाच पॅकेजवर अडलं की

'पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट सबप्रोसेस रिटर्न्ड एरर एक्झिट स्टेटस १' ही ओळ सगळे कॉपी करून विचारतात, पण तिच्यात काहीच माहिती नाही. उत्तर तिच्या वरच्या पाच-दहा ओळींत असतं. बऱ्याचदा एखादी सर्व्हिस चालू होत नसते, उदाहरणार्थ अपाची आणि एनजिनएक्स हे दोन वेब सर्व्हर दोघंही ८० पोर्टवर भांडतायत, किंवा जुन्या कॉन्फिगमधला एखादा पर्याय नव्या व्हर्जनला माहीतच नाही. जर्नलसीटीएल -यू आणि सर्व्हिसचं नाव दिलं की खरं कारण दिसतं. ते दुरुस्त करा, परत कॉन्फिगर -ए. पॅकेज फारसं कामाचं नसेल तर सरळ पर्ज.

'ट्राइंग टू ओव्हरराइट, व्हिच इज ऑल्सो इन पॅकेज' असं आलं तर दोन पॅकेजं एकाच फाइलवर हक्क सांगतायत. दोन्ही उबुंटूचीच असतील तर /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज मधली ती डेब फाइल सुडो डीपीकेजी -आय --फोर्स-ओव्हरराइट करून बसवा. एक बाहेरचं असेल तर बाहेरचं काढा, फोर्स नको.

'नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी' हा खास आपल्या डेव्हलपर मंडळींचा रोग. कोणीतरी कधीतरी ब्लॉग वाचून सिस्टिमचं पायथन३ दुसऱ्या व्हर्जनकडे वळवलेलं असतं. २२.०४ ला ३.१०, २४.०४ ला ३.१२, तुम्ही त्यात ३.११ घुसवलं की ॲप्टची पायथनमधली अवजारं कोलमडतात. /यूएसआर/बिन/पायथन३ ची लिंक सिस्टिमच्या मूळ पायथनकडे परत फिरवा, मग पुढे.

लाइट गेल्यावरचं एक वेगळं दुखणं: डीपीकेजी म्हणतं स्टेटस फाइलच वाचता येत नाही. /व्हार/लिब/डीपीकेजी/स्टेटस उघडून बघा, रिकामी किंवा कचऱ्याने भरलेली असेल. शेजारीच स्टेटस-ओल्ड असते, नाहीतर /व्हार/बॅकअप्समध्ये डीपीकेजी.स्टेटस.० असते. खराब फाइल फेकू नका, नाव बदलून ठेवा, आणि चांगली तिच्या जागी कॉपी करा. बॅकअप्समधली फाइल अपग्रेडच्या आधीची असू शकते, म्हणून आधी स्टेटस-ओल्डच बघायची.

बूटच होत नाहीये

चालू करताना ग्रबचा (कर्नल निवडायचा) मेनू आणा, जुन्या बायोसवर शिफ्ट धरून, यूईएफआयवर (नव्या मशीनवर) एस्केप दाबून. एस्केप जास्त वेळा दाबला गेला तर मेनूऐवजी नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट येतो आणि लोकांना वाटतं आता हे पण गेलं. नॉर्मल असं टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदाच एस्केप, मेनू येतो. त्यात ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन जुना, आधी चालत होता तो कर्नल निवडा. बऱ्याच वेळा एवढ्यावरच मशीन उठतं, मग वरचीच चार कमांडची फेरी, आणि शेवटी सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल आणि सुडो अपडेट-ग्रब.

जुनाही उठत नसेल तर त्याच कर्नलचा रिकव्हरी मोड घ्या. तिथल्या मेनूमध्ये आधी नेटवर्क, मग रूट. शेलमध्ये काही लिहिता येत नाहीये असं वाटलं तर माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / द्या.

तेही नाही झालं तर लाइव्ह यूएसबी. दुसऱ्या मशीनवर २४.०४ चा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून ट्राय उबुंटू करा, इन्स्टॉल नाही. एलएसबीएलके -एफ मारून तुमचं रूट पार्टिशन ओळखा. समजा ते एनव्हीएमई०एन१पी२ आहे आणि ईएफआयचं पी१:

सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी१ /एमएनटी/बूट/ईएफआय
सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

शेवटची ओळ प्रॉक, सिस आणि रन या तिघांसाठी पण तशीच. रन विसरलात तर आत गेल्यावर नेट चालूच होत नाही, कारण नाव शोधायची रिझॉल्व्ह.कॉन्फ फाइल म्हणजे रनच्या आतल्या फाइलची लिंक असते. /बूट वेगळं असेल तर ते ईएफआयच्या आधी माउंट करायचं. मग सुडो सीएचरूट /एमएनटी, आणि तुम्ही तुमच्या मोडक्या सिस्टिमच्या आत, पण पेनड्राइव्हच्या धडधाकट कर्नलवर. आत तीच चार कमांडची फेरी, इनिट्रॅम एफएस, ग्रब-इन्स्टॉल, अपडेट-ग्रब. मग एक्झिट, रीबूट.

डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर एक बारकावा आहे आणि तो चुकला की सगळं करूनही बूटला पासवर्ड विचारला जात नाही. क्रिप्टसेटअप लक्सओपन (यातला ओपनचा ओ तेवढा मोठा टाइप करायचा) करताना जे नाव देता ते तुमच्या /ईटीसी/क्रिप्टटॅबमध्ये लिहिलेलं तेच हवं. माहीत नसेल तर आधी कुठल्याही नावाने उघडा, माउंट करून क्रिप्टटॅब वाचा, सगळं बंद करून त्या नावाने परत उघडा. नाव जुळलं नाही तर नव्या इनिट्रॅम एफएसमध्ये डिस्क उघडायची माहितीच जात नाही.

बूट होतं पण स्क्रीन काळी राहते, अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टेक्स्ट लॉगिन मिळतं का बघा. मिळालं तर सिस्टिम ठीक आहे, ग्राफिक्स ड्रायव्हर मेलाय, आणि एनव्हिडिया असेल तर जवळजवळ नक्कीच. डीकेएमएस स्टेटस सांगेल की नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बिल्ड झाला का. एनव्हिडियाची सगळी पॅकेजं पर्ज करा, रीबूट करून फुकटच्या नूव्हो ड्रायव्हरवर या, मग सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल. फार जुनं कार्ड असेल तर नूव्होवरच समाधान माना.

झाल्यावर

डीपीकेजी --ऑडिट गप्प, सिस्टिमसीटीएल --फेल्ड रिकामं, मग बाहेरचे रेपो एकेक करून चालू करा. ग्नोम डेस्कटॉप ४२ वरून ४६ वर गेलेलं असतं त्यामुळे एक्स्टेन्शन्स बरीचशी बंद दिसतील, त्यांची नवी व्हर्जन टाका. पायथनचे जुने व्हेन्व्ह (प्रोजेक्टपुरती वेगळी पायथनची फोल्डरं) नव्याने बनवावे लागतात. मराठी कीबोर्ड गायब झाला असेल तर आयबस-एम१७एन पॅकेज आहे का बघून सेटिंगमध्ये परत जोडा, फॉन्ट चौकोन दिसत असतील तर फॉन्ट्स-देवा.

पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असाल तर ऑटोरिमूव्ह मारायच्या आधी थांबा. २२.०४ मध्ये १४ होतं, २४.०४ मध्ये १६ येतं, पण तुमचा डेटा अजून १४ च्या क्लस्टरमध्येच असतो आणि ऑटोरिमूव्हला १४ ची पॅकेजं आता बिनकामाची वाटू शकतात. पीजी_एलएसक्लस्टर्स करून दोन्ही बघा, डम्प घ्या, पीजी_अपग्रेडक्लस्टर करा, ॲप चालतंय याची खात्री करा, मग १४ काढा.

आणि दोन-तीन तास झाले, तीच एरर परत येतेय, यादी हलत नाहीये, असं असेल तर लाइव्ह यूएसबीवरून /होम आणि /ईटीसी कॉपी करा, सीएचरूटमधून ॲप्ट-मार्क शोमॅन्युअलची यादी एका फाइलमध्ये काढून घ्या, म्हणजे काय काय टाकलं होतं ते हाताशी राहतं, आणि फ्रेश इन्स्टॉल करा. /होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर मॅन्युअल पार्टिशनिंगमध्ये ते निवडून फॉरमॅटची खूण काढायला विसरू नका.